किल्ट शिवणाऱ्या जुन्या स्कॉटिश घराला 'लक्झरी' ओळख द्यायची तर

प्रश्न असा आहे: स्कॉटलंडच्या दक्षिणेला, बॉर्डर्स भागात, किल्ट (पुरुषांचा निऱ्यांचा, गुडघ्यापर्यंतचा लोकरी पोशाख) आणि ट्वीडचे (जाड लोकरी कापडाचे) कोट शिवणारा एक घरगुती कारखाना आहे. चार पिढ्यांचं काम, आठ-दहा कारागीर. मालकांना आता पर्यटकी मालाच्या रांगेतून बाहेर पडून लक्झरी ब्रँड म्हणून उभं राहायचंय. काम हाती घेतलेल्या डिझायनरने विचारलंय की लोगोत टार्टन (किल्टच्या कापडावरची रंगीत चौकड्यांची नक्षी) घ्यावं, थिसलचं काटेरी फूल घ्यावं की घराण्याचं मानचिन्ह, आणि सुरुवात कुठून करावी.

तिन्ही नकोत. एडिनबर्गच्या रॉयल माइल या पर्यटकी रस्त्यावर पॉलिएस्टरचे किल्ट टांगणाऱ्या दुकानांच्या पाट्यांवर हीच चित्रं दिसतात, म्हणजे ज्या गर्दीतून बाहेर पडायचंय तिचाच गणवेश आपण पुन्हा चढवणार. शिवाय तिसऱ्या पर्यायात कायदा आडवा येतो, त्याबद्दल पुढे. सुरुवात लोगोपासून करूच नका, शिलाईच्या टेबलापासून करा.

पहिले दोन आठवडे फक्त नोंदी घ्या. कापड कोणत्या गिरणीचं, सूत वर्स्टेड (विंचरून गुळगुळीत कातलेलं) की वूलन (फुगीर, केसाळ), वजन किती, कुठला टाका हाताचा आणि कुठला मशीनचा, एका किल्टला नेमके किती तास, आणि दुरुस्तीला परत येणारा किल्ट कशासाठी परत येतो. हाताने शिवलेल्या पुरुषी किल्टला परंपरेने एकेरी पन्ह्याचं ८ यार्ड कापड लागतं, म्हणजे सुमारे ७.३ मीटर. हल्लीचं कापड साधारण १५० सेंटिमीटर पन्ह्याचं येतं. ते मधोमध लांबीला फाडून जोडतात, म्हणून ४ यार्डांत भागतं. वजन यार्डाला बहुधा १३ किंवा १६ औंस. १६ औंसाचं कापड अंगाला जड पडतं, पण चालताना मागच्या निऱ्या त्यामुळेच डौलाने हलतात. खालच्या कडेला दुमड नसते, कापडाचा विणलेला काठच तिथे येतो. म्हणून गिरणीकडून खास किल्टसाठीचा सपाट काठ मागवावा लागतो. धाग्यांची टोकं आत वळवलेला जाड काठ आला, तर खालची रेघ फुगते आणि जाणकार माणूस दहा फुटांवरून ओळखतो. हातशिलाईला वीस तासांच्या आसपास वेळ जातो, कारागीर आणि कापड यांप्रमाणे कमीजास्त.

आता निऱ्या. आठ यार्डांच्या किल्टला मागे साधारण २५ ते ३० निऱ्या पडतात आणि त्या दोन पद्धतींनी बसवतात. पहिल्या पद्धतीत टार्टनची चौकट निऱ्यांवरूनही अखंड पुढे चालल्यासारखी दिसते. दुसरीत प्रत्येक निरीच्या मध्यावर एकच ठरावीक पट्टी आणतात. पुढून पाहिलं तर चौकड्या, मागून पाहिलं तर उभ्या पट्ट्यांची रांग. लष्करी पलटणींत ही दुसरी पद्धत रूढ आहे. प्रत्येक निरी नितंबापासून कमरेकडे किंचित निमुळती होत जाते आणि या निमुळतेपणाचं गणित हेच किल्ट शिवणाऱ्याचं खरं कसब.

इथे तुमच्या ब्रँडचं चित्र पडलेलं आहे. चौकडीचा लोगो करण्यापेक्षा ही वर जवळ येणारी, खाली पसरणारी उभ्या रेघांची रांग घ्या. ज्याला किल्ट ठाऊक आहे त्याला ती लगेच कळते, ज्याला ठाऊक नाही त्याला ती नुसती सुंदर रेघांची नक्षी वाटते. खोक्यावर, लेबलवर, पत्राच्या कागदावर, दुकानाच्या काचेवर, कुठेही चालते आणि एका रंगात छापता येते. रेघांची संख्या आणि निमुळतेपणा मनाने ठरवू नका. कारखान्यातल्या सगळ्यात चांगल्या किल्टची मागची बाजू सपाट मांडून मापं घ्या आणि त्याच प्रमाणात रेखाटा.

पाटीवरचं साल

'स्थापना अमुक साली' हे पाटीवर लिहिण्याआधी पुरावा जमवा. कंपनीच्या सरकारी नोंदीत फक्त नोंदणीचं साल मिळतं आणि जुनी घरं नोंदणीच्या कितीतरी आधीपासून शिवत असतात. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडने जुन्या पोस्ट ऑफिस डिरेक्टरी इंटरनेटवर खुल्या केल्या आहेत. त्यांत गाव, रस्ता आणि धंदा पाहता येतो. त्याला जुन्या पावत्या, वह्या, जनगणनेच्या नोंदी जोडा. मध्ये वीस वर्षं धंदा बंद असेल तर ते लपवू नका, साल उशिराचं लिहा. खरं १९२० हे संशयास्पद १८२० पेक्षा जास्त दिवस टिकतं.

मजकुरातही जपून. 'हजारो वर्षांची कुळांची टार्टनं' असं लिहिलं की वाचणारा स्कॉटिश माणूस हसतो. अमुक कुळाचं अमुक टार्टन ही पद्धत मुख्यतः १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिनबर्गला आला त्यानंतर पक्की झाली. त्याच्या स्वागताचा सगळा थाट कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉटने आखला होता. त्याआधी १७४६ च्या कायद्याने हायलँड या उत्तरेच्या डोंगराळ भागातल्या पोशाखावर बंदी आली होती, ती १७८२ मध्ये उठली. ही खरी हकिगत पुरेशी रंगतदार आहे. तसंच टार्टनच्या नावातलं 'एन्शंट' म्हणजे प्राचीन नव्हे. ती फिकट, जुन्या वनस्पतिरंगांसारख्या छटांची नुसती एक रंगमाला आहे. 'मॉडर्न' म्हणजे गडद, 'वेदर्ड' म्हणजे ऊन-पावसात विटल्यासारखी. विक्रीच्या मजकुरात या शब्दांचा अर्थ चुकला की उरलेल्या मजकुरावरचा विश्वासही जातो.

कायद्याच्या वाटा

मानचिन्हांच्या बाबतीत स्कॉटलंड इतर देशांसारखं सैल नाही. तिथे लॉर्ड लायन नावाचं पद आहे, त्याचं स्वतःचं न्यायालय आहे आणि दुसऱ्याचं मानचिन्ह वापरणं हा गुन्हा ठरतो. पट्टा आणि बक्कल यांच्या वर्तुळातलं कुळाचं चिन्ह मुळात कुळप्रमुखाचं असतं. भावकीतल्या माणसाने ते टोपीवर लावावं अशी मुभा आहे, पण दुकानाच्या लोगोत घालण्याची नाही. पिवळ्या पार्श्वभूमीवरचा लाल उभा सिंह राजाचा, तोही नको. निळ्यावरची पांढरी फुली, म्हणजे सॉल्टायर, आणि थिसल यांना हात लावता येतो, पण ते सगळ्यांचेच असल्यामुळे ब्रँड म्हणून उपयोग शून्य. कंपनीला स्वतःचं मानचिन्ह हवंच असेल तर लॉर्ड लायनकडे अर्ज करता येतो. खर्च काही हजार पौंडांत जातो आणि वेळही लागतो.

नावाचं पाहा. 'स्कॉटिश' किंवा 'हायलँड' असले निव्वळ वर्णनाचे शब्द ट्रेडमार्क म्हणून एकटे टिकत नाहीत. आडनाव वापरणार असाल तर त्याच आडनावाचा दुसरा नोंदलेला ब्रँड आधी शोधा. 'हे माझंच नाव आहे' हा बचाव ब्रिटनमध्ये २०१९ पासून व्यक्तीला मिळतो, कंपनीला नाही. ट्रेडमार्कची नोंदणी मालाच्या वर्गांप्रमाणे होते: कपड्यांसाठी वर्ग २५, कापडासाठी २४, कातडी पिशव्यांसाठी १८, दुकानदारीसाठी ३५. अर्ज जाहीर झाल्यावर आक्षेपांसाठी दोन महिने जातात, म्हणून नोंदणी पूर्ण होईपर्यंत पाट्या रंगवू नका. ब्रिटनची नोंदणी युरोपीय संघात चालत नाही, तिथे वेगळी करावी लागते. आणि सगळे वर्ग हौसेने भरू नका, कारण पाच वर्षं न वापरलेला वर्ग कुणीही रद्द करायला लावू शकतो.

हॅरिस ट्वीड वापरत असाल तर १९९३ चा कायदा वाचून घ्या. शुद्ध नवी लोकर आउटर हेब्रिडीज बेटांवर रंगवलेली आणि कातलेली, तिथल्या रहिवाशांनी आपापल्या घरी हातमागावर विणलेली आणि तिथेच अंतिम प्रक्रिया केलेली असेल, तरच ते हॅरिस ट्वीड. आपल्याकडे येवल्याची हातमागाची पैठणी आणि यंत्रमागाची नक्कल यांच्यात जो झगडा आहे, तो तिथे संसदेच्या कायद्याने मिटवला आहे. त्यावरचं गोल आणि क्रॉसचं चिन्ह आपल्या लोगोच्या शैलीत पुन्हा काढायचं नाही, रंग बदलायचा नाही, हॅरिस ट्वीड प्राधिकरणाने दिलेलं लेबल जसंच्या तसं शिवायचं. मजकुरात 'हॅरिस ट्वीडच्या कापडाचा, आमच्या कारखान्यात शिवलेला कोट' असं लिहा. कोट बॉर्डर्समध्ये शिवलाय हे झाकायचं कारण नाही.

रॉयल वॉरंटचा, म्हणजे राजघराण्याला माल पुरवत असल्याच्या अधिकृत मान्यतेचा, मोह बहुतेक मालकांना असतो. अर्ज करण्यासाठी आधीच्या सात वर्षांपैकी किमान पाच वर्षं राजघराण्याला माल पुरवलेला असावा लागतो, वॉरंट एका वेळी जास्तीत जास्त पाच वर्षांचं मिळतं आणि देणारी व्यक्ती वारली की ते संपतं. सप्टेंबर २०२२ मध्ये एलिझाबेथ राणी गेल्यावर तिच्या वॉरंटधारकांना ते चिन्ह उतरवायला दोन वर्षांची मुदत मिळाली. ज्यांनी ते खोक्याच्या साच्यातच कोरून घेतलं असेल त्यांचा खर्च किती वाढला असेल ते बघा. वॉरंट मिळालंच तर त्याची जागा वेगळ्या, काढता येणाऱ्या चिठ्ठीवर ठेवा.

घराचं स्वतःचं टार्टन

टार्टन लोगोत नको, पण घराचं टार्टन असावं. अस्तराला, मफलरीला, खोक्याच्या आतल्या कापडाला ते लागतं. स्कॉटिश रजिस्टर ऑफ टार्टन्स २००९ पासून चालू आहे आणि नोंदणीची फी ७० पौंड. नाव तुमच्याशी जोडलेलं असावं लागतं, नक्षी आधीच्यांपेक्षा वेगळी असावी लागते आणि नावात कुळाचा उल्लेख असेल तर कुळप्रमुखाची परवानगी लागते. एक गैरसमज सर्रास आढळतो: या नोंदणीने मालकी हक्क मिळत नाही. ती फक्त नोंद आहे. नक्कल रोखायची असेल तर डिझाइनची नोंदणी वेगळी करा, आणि नक्षी बाजारात आणण्याआधीच करायचं ठरवा.

नक्षी धाग्यांच्या आकड्यांनी लिहितात. समजा अर्धी चौकट अशी आहे: निळे ४८, काळे १६, हिरवे ६०, पांढरे ८. दोन्ही टोकांचे, म्हणजे निळे आणि पांढरे, हे वळणाचे पट्टे, ते एकदाच मोजायचे आणि मधले उलट क्रमाने पुन्हा. पूर्ण फेरा झाला ४८ + १६ + ६० + ८ + ६० + १६, म्हणजे २०८ धागे. कापडात सेंटिमीटरला १६ धागे असतील तर फेरा १३ सेंटिमीटरचा. किल्टच्या निरीला हे माप योग्य आहे. पण हीच नक्षी टायवर घेतली तर टायची रुंदी संपेल आणि चौकट संपणार नाही. टाय आणि अस्तरासाठी सगळे आकडे एकाच प्रमाणात कमी करून छोटी आवृत्ती करावी लागते. ट्विल (तिरप्या रेघेच्या) विणीत आकडे सम ठेवा, आणि बारीक पट्टी दोन धाग्यांच्या खाली नेऊ नका, ती दिसणारच नाही.

रंगांची संख्या हा सगळ्यात मोठा सापळा. उभे आणि आडवे धागे एकमेकांना छेदतात तिथे मिश्र छटा तयार होते. तीन रंग घेतले तर कापडात ६ छटा दिसतात, चार घेतले तर १०, सहा घेतले तर २१. मालक, त्यांची बहीण, विक्रीवाला, प्रत्येकाचा एकेक आवडता रंग घातला की दुरून सगळं शेवाळल्यासारखं दिसतं. लाल आणि हिरवा सारख्या जोराचे असले तर लांबून तपकिरी चिखल होतो. तीन किंवा चार रंग पुरे. त्यांतला एक ठळक गडद असू द्या, एक बारीक उजळ. संगणकावरची नक्षी मान्य करू नका, गिरणीकडून हातभर नमुना विणून घ्या. तो दिवसाच्या उजेडात, पिवळ्या बल्बखाली आणि दुकानाच्या एलईडीखाली पाहा. लोकरीचे काही रंग दिवा बदलला की जात बदलतात.

अक्षर, रंग, भाषा

अक्षरासाठी केल्टिक वळणाची अक्षरं आणि ग्लासगोचा वास्तुकार-डिझायनर चार्ल्स रेनी मॅकिन्टॉश याच्या शैलीतली अक्षरं, दोन्ही टाळा. दोन्ही पर्यटकी दुकानांनी झिजवली आहेत. स्कॉटलंडने छपाईला दिलेली खरी देणगी वेगळीच आहे: एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्लासगो आणि एडिनबर्गच्या ओतशाळांत घडलेली, 'स्कॉच रोमन' म्हणून ओळखली जाणारी अक्षरं. अक्षररचनाकार मॅथ्यू कार्टरचा १९९७ चा 'मिलर' हा टंक त्याच वंशातला आहे. जुन्या स्कॉटिश पावत्या आणि वर्तमानपत्रांत हाच घाट दिसतो, त्यामुळे तो उसना वाटत नाही. शीर्षकाला तो घ्या, मापं आणि सूचनांना एखादं साधं सरळ अक्षर.

गेलिक या स्कॉटलंडच्या जुन्या केल्टिक भाषेचं ओझं घेऊ नका. बॉर्डर्सची बोली स्कॉट्स. गेलिक तिकडे पश्चिमेच्या बेटांवर आणि हायलँडमध्ये. बॉर्डर्समधल्या शिंप्याने गेलिक घोषवाक्य लावणं हे उसनं अवसान आहे. हेब्रिडीजमधला धंदा असेल तर गोष्ट वेगळी, पण तिथेही जाणत्या माणसाकडून तपासून घ्या. आजच्या गेलिकमध्ये स्वरावरची तिरपी खूण डावीकडून उजवीकडे उतरणारीच असते, उलटी खूण छापली की चूक.

ब्रँडचे रंग दोन पुरेत: एक न रंगवलेल्या लोकरीचा दुधी, आणि एक गडद, घराच्या टार्टनमधलाच. खोकं भडक असलं की आतलं कापड फिकं वाटतं, आणि पैसे कापडाचे घेतलेत. गडद रंग न चमकणाऱ्या कागदावर छापला की मरगळतो, म्हणून छपाईचा नमुना त्याच कागदावर मागवा.

लेबलचा विषय लहान वाटतो, पण गिऱ्हाईक रोज पाहतं ती वस्तू हीच. विणलेलं लेबल घ्या, बारीक सुताचं. साटिन लेबल चमकतं आणि त्याचे धागे लवकर निघतात. दोन मिलिमीटरच्या खालची अक्षरं विणीत फुटतात, आणि स्कॉच रोमनच्या केसासारख्या रेघा तर हमखास तुटतात. म्हणून लेबलसाठी त्याच अक्षराची जाड रेघेची आवृत्ती वेगळी काढून घ्या. कडा लेझरने कापलेल्या नकोत, मानेला टोचतात. किल्टचं लेबल फक्त अस्तराला शिवा, टाका टार्टनच्या आरपार जाता कामा नये. धाग्याचा प्रकार आणि टक्केवारी कायद्याने लिहावीच लागते, पण त्यासाठी वेगळं छोटं लेबल बाजूच्या शिवणीत. काश्मिरी लोकरीचा माल अमेरिकेत पाठवणार असाल तर तिथल्या नियमात तंतूची सरासरी जाडी १९ मायक्रॉनच्या वर चालत नाही, त्यामुळे कातणाऱ्याकडून चाचणीचा कागद घ्या. सीलच्या कातड्याचा स्पोरन (किल्टवर पुढे लटकणारी पिशवी) तर अमेरिकेत नेताच येत नाही, दुकानाच्या यादीत तसं स्पष्ट लिहा.

फोटो

बारीक चौकड्या आणि हेरिंगबोन (माशाच्या काट्यासारख्या) विणीवर कॅमेऱ्यात लहरी उठतात. अंतर किंवा कोन थोडा बदलला की जातात, पण संकेतस्थळावर फोटो लहान होताना पुन्हा येतात, म्हणून प्रत्येक आकारात स्वतः तपासा. लाल टार्टन थोडं कमी उजेडात घ्या, नाहीतर लाल रंग सपाट होऊन वीण दिसेनाशी होते. बाजूने तिरका प्रकाश टाकला की ट्विलची तिरपी रेघ उठून दिसते.

मग पेहराव. खालची कड गुडघ्याच्या मध्यावर, निऱ्या मागे, पिन पुढे एकावर एक येणाऱ्या दोन पदरांपैकी फक्त वरच्याला. दोन्ही पदरांतून पिन टोचली तर बसताना कापड फाटतं, आणि असा फोटो जाहिरातीत आला की स्कॉटिश गिऱ्हाईक तुम्हाला शिंपी मानत नाही. दोन पट्टे-बक्कलं उजवीकडे, एक डावीकडे. फोटो उलटा छापला तर हे पहिल्यांदा उघडं पडतं. धुकं, डोंगर आणि एकटा दाढीवाला माणूस हे चित्र आता इतकं पाहिलेलं आहे की ते कुणाचंच राहिलेलं नाही. खडूच्या खुणा, कच्चा टाका, इस्त्रीची वाफ, सपाट मांडलेल्या निऱ्या असे फोटो घ्या.

किंमत

हिशेब करून पाहा. समजा एका किल्टचं कापड ३६० पौंड, वीस तासांची मजुरी तासाला २५ पौंडांनी ५०० आणि अस्तर-बक्कलं ४० पौंड. एकूण ९००. दुप्पट करून थेट विकला तर १८००, वर २० टक्के व्हॅट, म्हणजे २१६० पौंड. हाच मोठ्या दुकानामार्फत विकायचा तर तुम्ही समजा १६२० ला द्याल आणि दुकान आपला नफा आणि कर धरून ३९०० च्या आसपास लावेल. म्हणून मापाचा किल्ट थेटच विकावा आणि दुकानांना मफलर, शाली, टाय द्यावेत. ओळखीचा सगळा आराखडा यावर ठरतो: मुख्य गिऱ्हाईक माप द्यायला येणार किंवा पत्राने बोलणार, त्यामुळे दुकानाच्या पाटीपेक्षा मापाचा कागद, ऑर्डरचं पत्र आणि कापडाच्या नमुन्यांची वही यांवर जास्त पैसे घाला.

बॉर्डर्समधल्याच हॉइकच्या बॅरी या स्वेटर विणणाऱ्या कारखान्याला शनेलने २०१२ मध्ये विकत घेतलं ते त्यांच्या हातातल्या कौशल्यासाठी. एल्गिनचे जॉन्स्टन्स हे गिरणीवाले १७९७ पासूनचे. कच्च्या लोकरीपासून तयार कापडापर्यंतचं काम स्वतः करतात आणि तेच सांगतात. एक प्रक्रिया धरा आणि तिच्याबद्दलच बोला. तुमची प्रक्रिया शिलाई आहे, विणकाम नाही. गिरणीचं नाव मोकळेपणाने छापा.

शेवटची गोष्ट, जी बहुतेक आराखड्यांत राहून जाते. चांगला किल्ट पुढच्या पिढीला जातो. पट्टे सरकवून कंबर थोडी कमीजास्त होते आणि कापड पुरेसं असल्याने उसवून नव्याने शिवताही येतो. प्रत्येक किल्टला अनुक्रमांक द्या, लेबलच्या मागे तो हाताने टाका आणि वहीत कापडाची गिरणी, लॉट, निऱ्यांची संख्या, शिवणाऱ्याची आद्याक्षरं, सगळी मापं लिहून ठेवा. किल्ट पाठवताना निऱ्यांना घातलेला कच्चा टाका तसाच ठेवा आणि सोबत तो कसा काढायचा याची चिठ्ठी द्या. पहिल्यांदा नेसण्याआधी तो दोरा मालकाने स्वतःच्या हाताने ओढावा. त्या चिठ्ठीवर दुरुस्तीचे दरही छापा: पट्टा बदलणे, अस्तर बदलणे, कसरीची भोकं रफू करणे. वहीचा पहिला अनुक्रमांक १ पासूनच सुरू करा, जुना वाटावा म्हणून ५०१ पासून नको.